धुतले की सुधारल्यासारखे वाटते, मग पुन्हा पडते: गच्चीवरच्या सोलरचे युनिट दर हिवाळ्यात का घटतात

तक्रार जवळपास नेहमी याच शब्दांत येते. "पहिला उन्हाळा मस्त गेला. नोव्हेंबर लागला तसे रोजचे युनिट खाली यायला लागले. बसवणाऱ्याला बोलावले. त्याने पॅनेल धुतले, इन्व्हर्टर बंद करून चालू केला, 'आता बघा' म्हणाला आणि गेला. थोडे वाढले, पुन्हा पडले. फेब्रुवारीत आपोआप ठीक झाले. यंदा नोव्हेंबरात परत तेच."

यातले कामाचे शब्द तीनच: 'आपोआप ठीक झाले'. जळालेला डायोड, तडकलेले पॅनेल, सैल झालेला जोड यांतले काहीही फेब्रुवारी आली म्हणून बरे होत नाही. जो दोष तारीख पाहून येतो आणि तारीख पाहून जातो, त्याचे नाते सूर्याच्या वाटेशी असते. म्हणजे खोट पॅनेलमध्ये नाही. पॅनेल कुठे ठेवले आणि एकमेकांना कसे जोडले, त्यात आहे. धुतल्यावर दिसलेली वाढ खोटी नसते, पण ती धुळीपुरती असते. मूळ घट तशीच राहते.

पुढचे महिने आणि दिशा उत्तर गोलार्धातल्या आहेत. विषुववृत्ताच्या खाली राहत असाल तर डिसेंबरच्या जागी जून आणि दक्षिणेच्या जागी उत्तर वाचा.

आणखी एक गोष्ट आधीच बाजूला काढू. हिवाळ्यात दिवस लहान होतो, तेव्हा थोडी घट होणारच. २० अंश अक्षांशावर डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस सुमारे ११ तासांचा आणि जूनमधला सर्वांत मोठा सुमारे सव्वातेरा तासांचा असतो. ४० अंशांवर हाच फरक सव्वानऊ आणि पंधरा तासांचा होतो. त्यामुळे डिसेंबरच्या युनिटांची तुलना मे महिन्याशी करून घाबरू नका. तुलना करायची ती एकाच दिवसातल्या तासांची.

आधी ग्राफ, मग शिडी

इन्व्हर्टरच्या (पॅनेलची डीसी वीज घरातल्या एसीत बदलणाऱ्या पेटीच्या) ॲपमध्ये दिवसभराच्या वॉटचा ग्राफ असतो. लोक एकूण युनिटांचा आकडा बघतात आणि ग्राफ उघडतच नाहीत, पण सगळी माहिती त्या रेषेच्या आकारात असते. पूर्ण निरभ्र दिवस निवडा. ढगाळ दिवसाची रेषा कितीही वाकडीतिकडी असू शकते, तिच्यातून निष्कर्ष काढायचा नाही.

निरभ्र दिवशी रेषा सकाळी हळू चढते, दुपारी गोलसर माथा घेते आणि तशीच उतरते. पॅनेल नेमके दक्षिणेकडे नसतील तर माथा थोडा अलीकडे किंवा पलीकडे सरकतो, त्यात बिघाड काही नाही. रोज साधारण त्याच वेळी रेषेत खाच पडत असेल तर ती सावली. माथा छाटल्यासारखा सपाट असेल तर इन्व्हर्टरची क्षमता संपली. ऐन दुपारी रेषा धाडकन शून्यावर जाऊन काही मिनिटांनी परत येत असेल, करवतीच्या दातांसारखी, तर वीज कंपनीच्या जाळ्याचा व्होल्टेज वाढतो आहे. आकार शाबूत, पण सगळीच रेषा बुटकी, तर धूळ किंवा एखादी स्ट्रिंग, म्हणजे एका सरीत जोडलेली पॅनेल, बंद. सकाळी सुरूच उशिरा होत असेल, तेही पावसानंतर किंवा दव पडल्यावर, तर इन्सुलेशन, म्हणजे तारांवरचे वीजरोधक आवरण, कुठेतरी कमजोर आहे.

हिवाळी तक्रारीत बहुतेक वेळा खाच सापडते, म्हणून तिच्यावरच जास्त वेळ घालवू.

खाच खरोखर सावलीचीच आहे का

याची एक पक्की परीक्षा आहे आणि तिला उपकरण लागत नाही. सूर्याची वाट २१ डिसेंबरच्या दोन्ही बाजूंना सारखी असते. १० नोव्हेंबरला सूर्य ज्या वाटेने जातो, जवळपास त्याच वाटेने तो ३१ जानेवारीला जातो, कारण दोन्ही तारखा २१ डिसेंबरपासून ४१ दिवसांवर आहेत. तेव्हा जुन्या नोंदी उघडा. खाच १० नोव्हेंबरच्या सुमारास दिसायला लागली, २१ डिसेंबरच्या आसपास सर्वांत खोल झाली आणि जानेवारीअखेर मिटली, तर ती दक्षिणेकडच्या एखाद्या स्थिर वस्तूची सावली आहे. धूळ अशी मोजून मापून येत-जात नाही.

घड्याळाची वेळ मात्र जुळणार नाही, त्याने गोंधळू नका. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य घड्याळाच्या सुमारे १६ मिनिटे पुढे असतो आणि जानेवारीअखेर सुमारे १३ मिनिटे मागे. म्हणून नोव्हेंबरात ९ वाजता पडणारी खाच जानेवारीअखेर साडेनऊच्या सुमारास दिसते. सावली तीच, वस्तूही तीच.

खाच मार्च-सप्टेंबरातही दिसते आणि भर उन्हाळ्यातही? मग अडथळा पूर्वेला किंवा पश्चिमेला आहे, किंवा पॅनेलच्या अगदी जवळ आहे. आणि खाच दरवर्षी थोडी रुंद होत असेल तर शेजारचे झाड वाढते आहे.

वेळ कळली की त्या वेळी गच्चीवर जाऊन उभे राहा. हिवाळा सरला असेल तर फोनवर सूर्याची वाट दाखवणारे ॲप वापरा, किंवा सरळ हिशेब करा. २० अंश अक्षांशावर २१ डिसेंबरला, सौर वेळेनुसार (सूर्य सर्वांत उंच तेव्हा बारा) सकाळी ९ वाजता, सूर्य क्षितिजापासून सुमारे २८ अंश वर असतो. १ मीटर उंचीच्या वस्तूची सावली तेव्हा १.८६ मीटर लांब पडते, ती वायव्येकडे. तिचा फक्त उत्तरेकडचा भाग मोजला तर सव्वा मीटर. ४० अंश अक्षांशावर त्याच वेळी सूर्य जेमतेम १४ अंश वर असतो आणि उत्तरेकडचा भाग ३ मीटर होतो. दुपारी ३ वाजता हीच सावली ईशान्येकडे. म्हणजे गच्चीवरच्या प्रत्येक उंच वस्तूच्या उत्तरेला पंख्याच्या आकाराचा एक पट्टा असतो, जिथे हिवाळ्यात पॅनेलला ऊन पूर्ण मिळत नाही. पॅनेलच्या पातळीपेक्षा अडीच मीटर उंच असलेली पाण्याची टाकी २० अंशांवर ४.६ मीटरपर्यंत हात लांबवते. उन्हाळ्यात जागा पाहायला आलेल्या माणसाला यातले काहीच दिसत नाही, कारण तेव्हा दुपारची सावली टाकीच्या पायाशीच असते. निम्म्या चुका इथे होतात.

बारीक खांबांबद्दल दोन मते ऐकू येतात, दोन्ही अर्धवट. सूर्य बिंदू नाही, आकाशात तो साधारण अर्ध्या अंशाची थाळी व्यापतो. त्यामुळे वस्तूची गडद सावली तिच्या जाडीच्या सुमारे १०८ पट अंतरापर्यंतच टिकते, पुढे ती फिकट होत जाते. १ सेंटिमीटरची केबल मीटरभर दूर असेल तर काळजी सोडा. ५ सेंटिमीटरचा पाइप मात्र पाच मीटरपेक्षा जास्त अंतरापर्यंत गडद रेघ ओढतो. वीजरोधक दांडा, अँटेना, कपड्यांच्या दोऱ्यांचे खांब पॅनेलच्या उत्तरेला हलवले की प्रश्न मिटतो, आणि हे काम तासाभराचे आहे.

एवढीशी सावली, एवढी मोठी घट कशी

पॅनेलमधले सेल एकामागे एक जोडलेले असतात, आणि स्ट्रिंगमधली पॅनेलही. एकसरीच्या जोडणीत सगळ्यांतून एकच करंट जातो, त्यामुळे सावलीतला सेल सगळ्यांचा करंट अडवतो. हे टाळायला नेहमीच्या पॅनेलमध्ये तीन बायपास डायोड असतात. अडलेला एक तृतीयांश हिस्सा वगळून डायोड करंटला वाट करून देतो.

आता सावली कोणत्या कडेने येते हे बघा. हे तीन हिस्से पॅनेलच्या लांबीला समांतर, उभ्या पट्ट्यांसारखे असतात. पूर्ण सेलचे जुने पॅनेल उभे लावले आणि कठड्याची सावली खालच्या आडव्या ओळीवर आली, तर ती तिन्ही पट्ट्यांना शिवते आणि अख्खे पॅनेल गेले. तेच पॅनेल आडवे लावले असते तर एकच पट्टी गेली असती, दोन तृतीयांश वीज वाचली असती. अर्ध्या सेलची नवी पॅनेल वरचा अर्धा आणि खालचा अर्धा भाग समांतर जोडून बनवतात. उभ्या मांडणीत खालची ओळ झाकली गेली तरी वरच्या भागातून निम्मा करंट निघू शकतो.

निघू शकतो, निघेलच असे नाही. एका स्ट्रिंगमध्ये १० पॅनेल आहेत आणि एकाच पॅनेलची खालची ओळ झाकली आहे असे धरा. इन्व्हर्टरपुढे दोन वाटा असतात. त्या एका पॅनेलला पूर्ण बायपास करून उरलेल्या नऊंचा पूर्ण करंट घ्यायचा, किंवा सगळ्यांकडून निम्माच करंट घ्यायचा. पहिलीत दहावा हिस्सा जातो, दुसरीत निम्मा. शहाणा इन्व्हर्टर पहिली वाट धरतो. पण सावली हळूहळू सरकत आली की कित्येक इन्व्हर्टर दुसऱ्या वाटेवरच अडकून बसतात, कारण ते आजूबाजूलाच चाचपडतात, संपूर्ण व्होल्टेज पट्टा तपासत नाहीत. त्यासाठी सेटिंगमध्ये सावलीसाठीचे स्कॅन असते. नाव कंपनीगणिक वेगळे, आणि बऱ्याचदा ते बंद असते. पॅनेलला हात लावण्याआधी हे तपासा. खर्च शून्य. इन्स्टॉलरच्या लॉगिनशिवाय ते दिसत नसेल तर त्याच्याकडूनच चालू करून घ्या.

जोडणी बदला, पॅनेल नाही

समजा १० पॅनेल आहेत, पुढच्या ओळीत पाच, मागच्या ओळीत पाच, आणि सगळी एका स्ट्रिंगमध्ये. हिवाळ्यात सकाळी कठड्याची सावली पुढच्या ओळीच्या खालच्या कडेवर येते. आता पाच पॅनेल अडली. बायपास करावे तर निम्मा व्होल्टेज गेला, न करावे तर निम्मा करंट गेला. कसेही केले तरी सगळी यंत्रणा निम्म्यावर, आणि पूर्ण उन्हात बसलेली मागची ओळ नाहक भरडली जाते.

इन्व्हर्टरला दोन एमपीपीटी (स्ट्रिंगमधून जास्तीत जास्त वीज काढणारे स्वतंत्र इनपुट) असतील, बहुतेकांना असतात आणि दुसरी रिकामी पडलेली असते, तर पुढची पाच एकीवर, मागची पाच दुसरीवर घ्या. मागची ओळ पूर्ण चालेल, पुढची तेवढीच अडखळेल. घट निम्म्यावरून पावावर आली. स्ट्रक्चरचा एकही बोल्ट न सोडता, फक्त दोन केबल नव्याने ओढून.

एकच खबरदारी. छोट्या स्ट्रिंगचा व्होल्टेज एमपीपीटीच्या किमान मर्यादेच्या वर राहायला हवा, तोही भर उन्हाळ्यात, कारण तापल्यावर व्होल्टेज उतरतो. ५४० वॉटचे पॅनेल चालू असताना साधारण ४१ व्होल्ट देते, पाचांचे २०५. तापल्यावर त्यातले दहा-पंधरा टक्के वजा करा आणि इन्व्हर्टरच्या माहितीपत्रकातल्या आकड्याशी ताडून पाहा.

नियम असा धरा: जी पॅनेल एकाच वेळी सावलीत जातात ती एका स्ट्रिंगमध्ये, आणि जी वेगळ्या दिशेला तोंड करून आहेत ती कधीच एका सरीत नाहीत. पूर्वेची आणि पश्चिमेची पॅनेल एकाच सरीत ओवली की दिवसभर एक बाजू दुसरीला ओढत राहते. केबल वाचवण्यासाठी लोक असे करतात आणि पंचवीस वर्षे त्याचा भुर्दंड भरतात.

ऑप्टिमायझरचे, म्हणजे प्रत्येक पॅनेलला वेगळे सांभाळणाऱ्या छोट्या डबीचे काय? दोन-तीन पॅनेलवरच सावली येत असेल आणि एमपीपीटी शिल्लक नसेल तर उपयोग आहे. तुमचा इन्व्हर्टर परवानगी देत असेल तर तेवढ्याच पॅनेलना लावा. पण ऑप्टिमायझर सावलीतून वीज काढत नाही, इतरांचे नुकसान थांबवतो, एवढेच. सगळ्या गच्चीवर सरसकट ऑप्टिमायझर सुचवणारा माणूस मला मांडणीचा कंटाळा आलेला वाटतो.

कामाला हात घालण्याआधी हे लक्षात ठेवा. ऊन आहे तोवर पॅनेलच्या तारांत व्होल्टेज आहे. स्विच बंद केला तरी आहे. दहा पॅनेलच्या स्ट्रिंगचा हा डीसी व्होल्टेज ५०० च्या जवळ जातो आणि डीसीची ठिणगी एसीसारखी आपोआप विझत नाही. चालू करंटवर कनेक्टर ओढला तर आर्क होऊन हात भाजतो, आग लागते. आधी इन्व्हर्टर बंद, मग डीसी आयसोलेटर (पॅनेलकडची तार तोडणारा स्विच) बंद, मग क्लॅम्प मीटरने करंट शून्य असल्याची खात्री, आणि मगच कनेक्टर. याची सवय नसेल तर ग्राफ तुम्ही वाचा आणि गच्चीवरचे काम वायरमनला करू द्या.

मांडणीच नव्याने करायची असेल तर

किंवा अजून बसवायचे असेल, तर उत्तमच. आधी किलोवॉट ठरवून मग तेवढी पॅनेल गच्चीवर कोंबायची, ही उलटी पद्धत आहे. आधी सावलीचा नकाशा, मग चालायची वाट, मग स्ट्रिंग, आणि पॅनेलची संख्या सर्वांत शेवटी. आठ पॅनेल पूर्ण उन्हात आणि दोन टाकीच्या सावलीत, अशा दहांच्या एका सरीपेक्षा उन्हातली आठ हिवाळ्याच्या सकाळी जास्त देऊ शकतात.

कागदावर गच्ची मापाने काढा. कठड्याची उंची, टाकी, जिन्याची खोली, पाइप, अँटेना, सगळ्यांची उंची लिहा. पॅनेलची खालची कड किती उंचीवर असेल तेही लिहा, कारण कठड्याची सावली त्या पातळीपासून मोजायची. कठडा १ मीटर आणि पॅनेलची कड ३० सेंटिमीटरवर असेल तर अडथळा ७० सेंटिमीटरचाच, आणि २० अंश अक्षांशावर ९० सेंटिमीटर मागे सरकले की पुरते. स्ट्रक्चर थोडे उचलून घेणे कित्येकदा पॅनेल हलवण्यापेक्षा सोपे असते. फार उचलले की वारा धरतो, आणि मग पायाचे वजन व नटबोल्ट त्या हिशेबाने हवेत.

दोन ओळींमधले अंतर हा दुसरा नेहमीचा घोळ. २.२८ मीटर लांबीचे पॅनेल उभे, १५ अंश कलते ठेवले तर मागची कड पुढच्या कडेपेक्षा ५९ सेंटिमीटर वर जाते. त्याच ९ वाजताच्या हिशेबाने, २० अंशांवर मागच्या ओळीआधी ७५ सेंटिमीटर मोकळे सोडावे लागते. कल १० अंशांवर आणला तर उंची ४० आणि अंतर ५० सेंटिमीटर पुरते. ४० अंश अक्षांशावर १५ अंशांच्या कलाला पावणेदोन मीटरच्या वर जागा लागेल. जागा कमी असेल तर कल कमी करा, अंतर कमी करू नका. कल थोडा चुकल्याने वर्षाचे एक-दोन टक्के जातात. ओळीची सावली पडली तर हिवाळ्यातल्या प्रत्येक सकाळचा मोठा घास जातो. मात्र १० अंशांच्या खाली जायचे टाळा. पाणी निथळत नाही, खालच्या चौकटीशी चिखलाची रेघ साचते, आणि ती रेघ म्हणजे कायमची बारीक सावलीच.

दिशेचा बाऊ करू नका. १०-१५ अंशांच्या कलावर दक्षिणेपासून २०-२५ अंश इकडेतिकडे झाले तरी वर्षाच्या हिशेबात किरकोळ फरक पडतो. इमारतीच्या रेषेत सरळ लावलेली पॅनेल बसवायला सोपी, वाऱ्याला बरी आणि दिसायलाही बरी. तरी दिशा ठाऊक हवी, आणि ती होकायंत्राने मोजू नका. गच्चीतल्या सळ्या आणि स्ट्रक्चरचे लोखंड सुई ओढते. ओळंब्यात काठी उभी करा, तिच्याभोवती दोरीने वर्तुळ काढा, सावलीचे टोक सकाळी आणि दुपारी वर्तुळाला जिथे शिवेल तिथे खुणा करा. दोन खुणांचा मध्य आणि काठीचा पाया जोडणारी रेषा हीच खरी उत्तर-दक्षिण.

चालायची वाट निदान ५० सेंटिमीटरची. धुता येत नाहीत ती पॅनेल धुतली जात नाहीत. आणि कठड्याच्या अगदी काठापर्यंत किंवा बाहेर पॅनेल काढू नका, तिथे वारा सर्वांत जोरात उचलतो. वजनाची भीती मात्र बहुतेकांना गरजेपेक्षा जास्त असते. २८ किलोचे मोठे पॅनेल अडीच चौरस मीटरवर पसरलेले असते, म्हणजे चौरस मीटरला ११ किलोच्या आसपास, वर स्ट्रक्चरचे थोडे. सिमेंटचे ठोकळे ठेवून बसवायचे असेल तर ठोकळ्यांचे वजन वेगळे मोजा. खरा भार तो असतो.

थंडीचा एक हिशेब राहून जातो. पॅनेल थंड असताना मोकळा व्होल्टेज, म्हणजे करंट वाहत नसतानाचा, वाढतो, दर अंशाला साधारण ०.२८ टक्के. पाटीवरचा आकडा २५ अंशांचा असतो. ४९.५ व्होल्टची १२ पॅनेल म्हणजे ५९४, आणि ६०० व्होल्टच्या इन्व्हर्टरला चालतील असे वाटते. ५ अंशांच्या पहाटे तेच ६२७ होतात. इथे युनिट घटत नाहीत, इन्व्हर्टर जातो.

उरलेले आकार, थोडक्यात

सपाट माथा. ६ किलोवॉटची पॅनेल आणि ५ किलोवॉटचा इन्व्हर्टर असेल तर दुपारी रेषा ५ वर टेकणार, तसे मुद्दामच करतात. सोडून द्या. पण माथा ५ च्या खूप खाली छाटला जात असेल आणि दुपारनंतर घसरत असेल तर इन्व्हर्टर तापून हात आखडता घेतो आहे. तो बंद खोक्यात किंवा पश्चिमेच्या भिंतीवर उन्हात लावलेला सापडेल. सावलीत हलवा, भोवती हवेला जागा ठेवा.

करवतीचे दात. हे हिवाळ्यापेक्षा स्वच्छ, गार उन्हाच्या आणि कमी वापराच्या दिवसांत जास्त दिसते. वीज बाहेर ढकलायला इन्व्हर्टरला जाळ्यापेक्षा किंचित जास्त व्होल्टेज लागतो. २३० व्होल्टच्या जाळ्यात बऱ्याच ठिकाणी वरची मर्यादा १० टक्के, म्हणजे २५३ व्होल्ट असते. ती ओलांडली की तो जाळ्यापासून सुटतो, काही मिनिटे थांबतो, पुन्हा चढतो, पुन्हा सुटतो. दोष वीज कंपनीचा की आपल्या केबलचा, हे दोन मापांत कळते. भर दुपारी एकाच वेळी मीटरपाशी आणि इन्व्हर्टरपाशी व्होल्टेज मोजा. ५ किलोवॉटचा करंट सुमारे २२ अँपिअर. इन्व्हर्टरपासून मीटरपर्यंत ३० मीटर ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल असेल तर जाऊन-येऊन ६ व्होल्ट तिच्यातच वाढतात. १० चौरस मिलिमीटरला अडीचही नाही. मीटरवर २४८ आणि इन्व्हर्टरवर २५४ दिसत असेल तर केबल बदला. मीटरवरच २५३ असेल तर मापांचे फोटो जोडून वीज कंपनीकडे लेखी तक्रार करा, ट्रान्सफॉर्मरचा टॅप त्यांनीच बदलायचा असतो. इन्व्हर्टरची मर्यादा गुपचूप वाढवून देणारे भेटतील. त्यांना नाही म्हणा. तो वाढीव व्होल्टेज घरातल्या फ्रिज-टीव्हीलाही मिळत असतो.

सगळी रेषा बुटकी. दोन सारख्या स्ट्रिंग असून उत्पादन बरोबर निम्मे असेल तर एक बंद आहे, फ्यूज किंवा कनेक्टर बघा. तसे नसेल तर धूळ. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, पॅनेल गार असताना, साध्या पाण्याने धुवा. तापलेल्या काचेवर गार पाणी नको.

सकाळी उशिरा सुरू होणे. पावसाळ्यात किंवा दवाच्या दिवसांत इन्व्हर्टर इन्सुलेशनची चूक दाखवतो, दहा वाजता ऊन लागले की मुकाट्याने चालू होतो. तपासायला माणूस येतो तोवर सगळे कोरडे, म्हणून दोष सापडत नाही आणि इन्व्हर्टरलाच वेडे ठरवले जाते. कारण बहुधा गच्चीवर लोळणारा कनेक्टर, दोन वेगळ्या कंपन्यांचे जोडलेले कनेक्टर किंवा क्लॅम्पखाली चेपलेली केबल. दोष हजर असताना, म्हणजे ओल्या सकाळीच, वायरमनकडून स्ट्रिंग सोडवून ही मापे घ्या: धन ते ऋण, धन ते अर्थ (अर्थिंगची तार), ऋण ते अर्थ. निरोगी स्ट्रिंगमध्ये अर्थची दोन्ही मापे शून्याकडे घसरत जातात. दोष असेल तर ती स्थिर राहतात आणि त्यांची बेरीज एकूण व्होल्टेजइतकी भरते. १० पॅनेल, एकूण ४९५ व्होल्ट, आणि ऋण ते अर्थ १५० आले तर १५० ला ४९.५ ने भागा. उत्तर ३. ऋण टोकाकडून तिसऱ्या आणि चौथ्या पॅनेलच्या मधला जोड बघा. कनेक्टर कापून एकाच कंपनीची नवी जोडी घाला, आणि केबल चौकटीला बांधून अशी ठेवा की पाणी तिच्यावरून कनेक्टरकडे वाहत न येता खाली ठिबकेल.